‘सिस्टिम सेलर’ला मराठीत काय म्हणावं?

व्हिडिओ गेमवरच्या एका अनुवादित लेखात ‘हेलो हा एक्सबॉक्सचा प्रणालीविक्रेता ठरला’ असं वाक्य आहे (हेलो हा गेम, एक्सबॉक्स हे तो खेळायचं यंत्र). ‘सिस्टिम सेलर’साठी हा शब्द चालेल का, नसेल तर दुसरा कोणता, अशी विचारणा आली आहे.

चालणार नाही. विक्रेता म्हटलं की गल्ल्यावर बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो: फूलविक्रेता, पुस्तकविक्रेता. इथे विकणारं माणूस कुणीच नाही. एखादा गेम इतका आवडतो की तो खेळता यावा म्हणून लोक यंत्रच विकत आणतात, त्या गेमला हे नाव आहे. याच अर्थाचं ‘किलर अ‍ॅप’ कुणी ‘मारेकरी’ केलं तर जो घोटाळा होईल, तोच इथे थोडा कमी प्रमाणात झाला आहे.

गोष्ट मात्र शब्दापेक्षा जुनी असावी. अटारी कंपनीचा घरगुती कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, १९७७ पासून बाजारात होता. टायटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ साली जपानच्या आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून गेम खेळायच्या ठिकाणी, आला आणि १९८० मध्ये अटारीसाठी त्याची घरगुती आवृत्ती निघाली. तोवर ज्यांना त्या यंत्राची गरज वाटली नव्हती अशांनीही ते घेतलं आणि त्याचा खप झपाट्याने वाढला. यंत्र तेच होतं, बदलली ती फक्त कॅसेट. (आपल्याकडे कार्ट्रिजला सगळे कॅसेटच म्हणत, आणि ‘व्हिडिओ गेम घेतला’ म्हणजे यंत्र घेतलं.)

आता शब्द. ‘खप’ हा धागा मला योग्य वाटतो. विकणं हे दुकानदाराचं काम, खपणं मालाचं. ‘गल्लाभरू’, ‘वेळकाढू’ या वळणावर ‘कन्सोलखपवू’ करून पाहिला, पण ‘खपवू’ म्हटलं की ‘आपण खपवू’ असं क्रियापद ऐकू येतं. मग ‘लाकूडतोड्या’च्या वळणावर ‘कन्सोलखपव्या’ करता येतो. ‘करबुडव्या’, ‘घरबुडव्या’ यांच्यामुळे या प्रत्ययाला थोडा हिणकस वास आहे हे खरं, पण लाकूडतोड्याला तो नाही. मथळ्यात सुटसुटीत नाम हवंच असेल तर मी हाच वापरेन.

कुणी ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ सुचवेल. निन्टेन्डोने १९८९ मध्ये अमेरिकेत गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासोबत ‘टेट्रिस’ हा गेम पेटीतच दिला होता, तिथे तो मोह होतो. पण या म्हणीत कावा आहे. ‘टेट्रिस’ खेळणाऱ्याला आपण फसलो असं वाटत नव्हतं, त्याला तोच हवा होता.

माझा खरा कौल मात्र नामाला नाहीच. इंग्रजी नाव विक्रीच्या बाजूने बोलतं, मराठी माणूस घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो, आणि त्यासाठी आपल्याकडे तीन शब्दयोगी अव्यय आहेत. निन्टेन्डोचाच ‘झेल्डा’ हा गेम आणि ‘स्विच’ हा कन्सोल घ्या. ‘झेल्डामुळे स्विच खपला’ हे बाजाराचं वाक्य. ‘झेल्डासाठी स्विच घेतला’ यात हेतू आहे. आणि ‘झेल्डापायी स्विच घेतला’ यात ओढ आहे, शिवाय खिशाला बसलेली झळही आहे. हट्टापायी, प्रेमापायी, पोरांपायी म्हणताना जे जाणवतं ते सगळं या दोन अक्षरांत येतं. इतकं नेमकं साधन घरात असताना नवं नाम घडवायची घाई का करावी?

‘झेल्डा’चं उदाहरण मुद्दाम घेतलं. ‘झेल्डा’ मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा गेम आणि स्विच ३ मार्च २०१७ ला एकाच दिवशी आले. त्या महिन्यात अमेरिकेत सुमारे ९ लाख ६ हजार स्विच विकले गेले, आणि स्विचसाठीच्या त्या गेमच्या प्रती सुमारे ९ लाख २५ हजार, म्हणजे यंत्रांहून जास्त! काहींनी जपून ठेवायला दुसरी प्रत घेतली असेल, काहींनी यंत्र मिळण्याआधीच गेम घेऊन ठेवला असेल. ‘-साठी’ने यातला हिशेब कळतो, वेड कळायला ‘-पायी’च हवं.

तेव्हा अनुवादातलं ते वाक्य मी असं लिहीन: ‘२००१ मध्ये एक्सबॉक्स आला तेव्हा अनेकांनी तो हेलोपायी घेतला.’