केबल किंवा डीटीएचच्या मूळ पॅकमध्येच क्रीडा वाहिन्या असायला हव्यात का?

सशुल्क क्रीडा वाहिन्या मूळ पॅकमध्ये घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि हे मी क्रिकेट व कबड्डी दोन्ही आवडीने पाहणारा प्रेक्षक म्हणून सांगतो आहे.

2019 पासून लागू झालेल्या ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) दरव्यवस्थेत मूळ भाग म्हणजे नेटवर्क शुल्क आणि त्यात येणाऱ्या मोफत वाहिन्या. सुरुवातीला हे शुल्क 100 वाहिन्यांसाठी 130 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे होते, पुढे तेवढ्याच पैशांत 200 वाहिन्या मिळू लागल्या आणि 2024 मध्ये शुल्काची कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली. सशुल्क वाहिन्यांचे पैसे याशिवाय वेगळे.

आता क्रीडा वाहिन्यांचा खर्च पाहा. आयपीएलचे 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले आणि त्यांतले भारतातील टीव्हीचे हक्कच 23,575 कोटींचे होते. ही रक्कम जाहिराती आणि वर्गणी यांतूनच वसूल व्हायची असते. अशी वाहिनी प्रत्येक घराला सक्तीची केली, तर कंपनीला गिऱ्हाईक गमावण्याची भीतीच उरणार नाही आणि पुढच्या लिलावातली चढी बोली सामना कधीही न पाहणाऱ्या घरांच्या बिलातूनही भागवली जाईल. अमेरिकेत ईएसपीएन ही क्रीडा वाहिनी अनेक वर्षे मूळ केबल पॅकमधली सर्वांत महागडी वाहिनी होती, आणि तिचे पैसे खेळाशी काडीचा संबंध नसलेली कुटुंबेही भरत होती.

आपल्याकडेही हे मागच्या दाराने घडतेच. वाहिनीची किंमत 19 रुपयांपर्यंत असेल तरच ती समूहात (अनेक वाहिन्यांच्या एकत्रित पॅकमध्ये) विकता येते, असा नियम असल्यामुळे स्टार स्पोर्ट्स 1 ची किंमत 2019 मध्ये नेमकी 19 रुपये ठेवली गेली आणि ती मालिका व चित्रपटांच्या वाहिन्यांसोबत एकाच समूहात आली. आमच्या घरी येणाऱ्या बिलावर समूहाचे नाव आणि एकूण रक्कम एवढेच छापलेले असते. त्यातला खेळाचा वाटा किती, हे फक्त मराठी मालिका पाहणाऱ्या आमच्या आईला कळण्याची काही सोयच नाही.

मात्र देशाचा सामना पाहणे ही केवळ ऐपतीची बाब नसावी, हा वरच्या प्रश्नामागचा विचार मला मान्य आहे आणि कायद्यालाही तो मान्य आहे. जानेवारी 2007 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धचा नागपूरचा एकदिवसीय सामना (पुनरागमन करणाऱ्या गांगुलीने 98 धावा केल्या तो) हक्क खासगी कंपनीकडे असल्याने दूरदर्शनच्या प्रेक्षकांना थेट पाहता आला नाही. त्या वादातून त्याच वर्षी जो कायदा झाला, त्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण हक्कधारक कंपनीने प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावे लागते. त्यावरील जाहिरातींच्या उत्पन्नातला किमान 75 टक्के वाटा कंपनीलाच मिळतो. आयपीएल यात मोडत नाही, आणि ते योग्यच आहे.

खरी अडचण पुढे आहे. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर, म्हणजे अँटेना आणि डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेवरच दाखवता येईल. खासगी केबल आणि डीटीएचवरून जाणाऱ्या दूरदर्शनच्या वाहिन्यांवर नाही. परिणामी मासिक भाडे न भरणाऱ्या फ्री डिशच्या घरात सामना दिसतो आणि दरमहा पैसे मोजणाऱ्या शेजारच्या घरात त्याच वाहिनीवर दुसरा कार्यक्रम चालू असतो. कायद्यात दुरुस्ती करून ही भिंत काढली, तर दूरदर्शनच्या ज्या वाहिन्या केबलवाल्याला तसेही द्याव्याच लागतात, त्यांतूनच देशाचे सामने प्रत्येक घरी पोहोचतील. आपली वर्गणी घटेल हा कंपन्यांचा आक्षेप खोटा नाही, पण त्याची भरपाई जाहिरातींतला त्यांचा वाटा वाढवूनही करता येईल.

तोपर्यंत आम्ही समूह सोडून हवी ती क्रीडा वाहिनी सुटी घेतो आणि सामन्यांची मालिका संपली की बंद करतो. 19 रुपयांची वाहिनी जीएसटी धरून महिन्याला 22 रुपये 42 पैशांना पडते.