नवा कॅमेरा घेऊ का? : डॉक्युमेंटरी करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न : मी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टीव्हीसाठी डॉक्युमेंटरी करायच्या, हे पक्कं आहे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांवर बारा मिनिटांची फिल्म केली. ड्रोन शॉट आहेत, कॅमेरा हलू न देणारं गिंबल वापरलं, म्युझिकही छान जमलंय. पण वर्गात दाखवली तर थोड्याच वेळात मुलांनी मोबाइल काढले. चांगला कॅमेरा घेतला तर फरक पडेल का? आई म्हणते, एवढा खर्च करण्याआधी कुणाला तरी विचार.

उत्तर : आईचं ऐकलंस, बरं झालं. कॅमेरा घेऊ नकोस, निदान आत्ता तरी.

तुझ्या पत्रात ड्रोन आहे, गिंबल आहे, म्युझिक आहे. काकांच्या हातात कुठलं घड्याळ होतं आणि ते चालू झालं की नाही, हे मात्र कुठेच नाही. फिल्ममध्येही ते नसावं, अशी मला दाट शंका आहे. बघणारा खिळून राहतो तो ‘आता काय होणार’ या ओढीने. थिएटरात माणूस तिकीट काढून आलेला असतो, म्हणून थोडा धीर धरतो; टीव्हीसमोर त्याच्या हातात रिमोट असतो. जाहिरातींच्या ब्रेकआधी एखादी गोष्ट अर्धवट सोडतात, ती त्यासाठीच.

तेव्हा एकच घड्याळ धर. मागचं झाकण उघडल्यापासून काटा हलेपर्यंत. आधी फक्त हातांचा क्लोजअप : हे कोण करतंय, असा प्रश्न पडू दे. मग चेहरा. मग वाइड, म्हणजे माणूस कुठे बसलाय ते कळेल. मग काकांच्या खांद्यावरून, त्यांना दिसतं तसं. एखादा अनपेक्षित कोनही घे. प्रत्येक शॉट कॅमेरा न हलवता किमान दहा सेकंद चालू ठेव. एडिटला बसलीस की त्याची किंमत कळेल. हाताच्या कामात एक सोय असते, तीच कृती पुन्हा पुन्हा होते. चार स्क्रू बसवायचे असतील तर पहिला वाइडमध्ये घे, दुसरा क्लोजअपमध्ये, तिसरा खांद्यावरून. ‘काका, परत एकदा करा ना’ म्हणायची वेळ येत नाही आणि कामातला खरेपणाही टिकतो. एखादा स्क्रू चिमट्यातून निसटला आणि काका तो शोधायला लागले, तर कॅमेरा अजिबात बंद करू नकोस. बारा मिनिटांत सगळ्यात जास्त लक्ष तिथेच लागेल.

म्युझिकबद्दल माझं मत जरा कडू आहे : नवखी मुलं ते रिकामा शॉट झाकायला वापरतात. घड्याळवाल्याच्या फिल्ममध्ये टिकटिक ऐकू आली नाही, तर उरलं काय? माइक जवळ ने. निघण्याआधी सगळ्यांना गप्प करून त्या जागेचा नुसता आवाज, रूम टोन, अर्धा मिनिट रेकॉर्ड कर. मुलाखतीचे तुकडे जोडताना तो खाली घातला की सांधे जाणवत नाहीत.

मुलाखत घेताना लेन्सला खेटून, काकांच्या नजरेच्या उंचीवर बस. तू लांब बाजूला बसलीस की ते तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं वाटतं. एरॉल मॉरिस या दिग्दर्शकाने तर टेलिप्रॉम्प्टरच्या, म्हणजे लेन्ससमोर मजकूर दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेवर स्वतःचा चेहरा दिसेल अशी सोय केली. बोलणारा त्या चेहऱ्याकडे बघतो आणि नजर थेट प्रेक्षकावर येते. तुला एवढा खटाटोप नको. आणि हो, काकांचं उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. क्षणभर गप्प राहा. ठेवणीतलं वाक्य बहुतेक वेळा त्यानंतर येतं.

ड्रोन, स्लो मोशन वाईट नाहीत, पण त्यांनी काही दाखवलं पाहिजे. सेकंदाला 100 फ्रेम्सने शूट करून 25 ने दाखवलंस तर हालचाल चौपट संथ होते. डोळ्यांना नुसतं थरथरणारं बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची चाल राखणारं चाक, मग पुढे जाताना, थांबताना, मागे फिरताना दिसतं. तिथे स्लो मोशन शोभतं. काका चहा पिताना ते कशाला?

आता करिअरचं. सुरुवात कॅमेरा असिस्टंट म्हणून सगळेच मागतात. जमलं तर काही महिने एडिट रूममध्ये फुटेज लॉगिंगचं, म्हणजे कुठल्या शॉटमध्ये काय आहे याची नोंद ठेवण्याचं, काम कर. कंटाळवाणं आहे, पण कुठला शॉट का कापला जातो, हे तिथेच कळतं. काम मागताना बारा मिनिटांची फिल्म पाठवू नकोस. त्या एका घड्याळाचा तीन मिनिटांचा सीक्वेन्स पाठव, म्युझिकशिवाय. आईला एक मात्र आधीच सांगून ठेव : या क्षेत्रातली बरीच कामं फ्रीलान्स असतात, दरमहा ठरलेला पगार येईलच असं नाही. म्हणून एडिटिंग किंवा साउंड, एक जोडकौशल्य हाताशी असू दे.

खर्च करायचाच असेल तर कपड्याला लावायचा बरा लेपल माइक आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन घे. शूटिंगच्या वेळी ते कानावर असले पाहिजेत, गळ्यात नाही.