शाळा सुरू होण्याआधी वर्गखोली लावायची आहे, सुरुवात कुठून करू?

बाकांपासून करा, सजावट नंतर. रिकाम्या वर्गात शेवटच्या कोपऱ्यातल्या बाकावर मुलांच्या उंचीला बसा आणि फळा नीट दिसतो का ते पाहा. खिडकीच्या उजेडाने फळा चकाकत असेल तर बाकांची दिशा बदला किंवा पडदा लावा. डावखुऱ्या मुलांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे लिहिताना शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही. याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही आणि ती मुलं बिचारी वर्षभर अवघडून लिहितात. रांगांमधून प्रत्येक मुलापर्यंत तुम्हाला जाता आलं पाहिजे, हेही बघा.

वह्या, रंग, कात्र्या मुलांच्या हाताला येतील अशा ठेवा. वाचता न येणाऱ्यांसाठी डब्यावर चित्र चिकटवा.

भिंतींच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवाडीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. खच्चून सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त भरकटलं आणि शिकणंही कमी झालं. म्हणून फळ्याच्या आजूबाजूची भिंत शक्यतो कोरीच ठेवा. तक्ते मागच्या भिंतीवर लावा, पण तीही पूर्ण भरू नका. तिथे मुलांनी स्वतः केलेली कामं यायला हवीत. स्वतःचं चित्र भिंतीवर दिसलं की मूल त्या वर्गाला आपलं मानतं, आणि विकतच्या तक्त्याने ते होत नाही.

वेळ उरला तर मुलांची नावं मोठ्याने वाचून सराव करा.