जड पाणी: थळचं आणि बोअरचं

प्रश्न असा आहे: अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे, आणि आमच्या बोअरचं पाणीही ‘जड’ आहे असं घरात सगळे म्हणतात. हे दोन्ही एकच का? आणि शाळेच्या पुस्तकातलं ‘दुष्फेन’ ते कुठलं?

शब्द एकच असला तरी पाणी अगदी वेगळं. थळचं पाणी वजनाने जड. त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतं, म्हणजे अणुकेंद्रात एक न्यूट्रॉन जास्तीचा असलेला हायड्रोजन. हॅरल्ड युरी यांनी ते १९३१ मध्ये शोधलं. या एका फरकाने रेणूचा भार १८ वरून २० वर जातो आणि लिटरभर पाणी सुमारे ११०५ ग्रॅम भरतं. ते ३.८ अंश सेल्सिअसलाच गोठतं, आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर चक्क तळाला जातो! अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला हे पाणी लागतं.

बोअरच्या पाण्यात असतात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, दुसरा स्रोतच नसेल तर, या क्षारांमुळे येणाऱ्या ‘काठिण्या’ची कमाल मर्यादा लिटरला ६०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ग्रॅमभरही नाही. कळशी उचलताना हा फरक कुणालाच जाणवणार नाही.

मग त्याला जड का म्हणतात? कारण मराठीत ‘जड’ हा फक्त वजनाचा शब्द नाही. जेवण जड होतं, डोकं जड होतं, निरोप घेताना पाय जड होतात. माझ्या आजोळी घरच्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाणा बोटाने दाबला जायचा नाही. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे दाण्याच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला, घट्ट धरून ठेवतं. आजी डाळीपुरतं पाणी ओढ्यावरून आणायची. ओढ्याचं हलकं, विहिरीचं जड. हा वापर स्वयंपाकघरातून आलेला आहे, त्याला चूक म्हणायचं काहीच कारण नाही.

‘दुष्फेन’ म्हणजे हेच बोअरचं पाणी. फेन म्हणजे फेस, समुद्रफेनातला. दुः + फेन = दुष्फेन, जसं निः + फल = निष्फल. फेस यायला त्रास देणारं ते दुष्फेन, सहज फेस येतो ते सुफेन. बोअरच्या पाण्यात साबण चोळून पाहा: फेसाऐवजी पांढरट, चिकट साका तरंगतो आणि बादलीच्या कडेला कडं धरतो. ते पाणी करतं काय, हे शब्दातच सांगितलंय. म्हणून मला ‘कठीण पाणी’ पटत नाही. ते इंग्रजीवरून उचललेलं आहे आणि मराठी कानाला त्यातून काहीच कळत नाही. ‘काठिण्य’ मात्र मोजमापाचा शब्द म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालांत रुळला आहे, तो राहू द्यावा.

‘मचूळ’ची यात गल्लत करू नये. मचूळ ही चव आहे, किंचित खारट आणि बेचव. दुष्फेन पाणी मचूळ लागेलच असं नाही.

तेव्हा घरात ‘बोअरचं पाणी जड आहे’ असं खुशाल म्हणा. मुलांच्या विज्ञानाच्या वहीत मात्र त्याला ‘दुष्फेन’ लिहा आणि ‘जड पाणी’ थळच्या पाण्यासाठी ठेवा.