ब्रिटनहून अमेरिकेत राहायला जाताना घरातलं सामान न्यावं की विकावं?

तुम्ही लेस्टरचं घर आवरून न्यू जर्सीला निघालाय, मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा, आणि प्रश्न आहे की सामान कंटेनरने न्यावं की विकून मोकळं व्हावं.

विजेवर चालणारं काहीही नेऊ नका. ब्रिटनमध्ये 230 व्होल्ट, इथे अमेरिकेत 120. किटली, इस्त्री, देशातून आणलेला मिक्सर, सगळं देऊन टाका. ट्रान्सफॉर्मर लावून मिक्सर चालवणारी घरं मी पाहिली आहेत. तो जड डबा ओट्यावर जागा अडवून बसतो. पलंगही नको, इथल्या गाद्या-चादरींची मापं वेगळी. पुस्तकं, स्टीलची भांडी, चांगलं लाकडी सामान खुशाल न्या. वर्षभर वापरलेल्या घरगुती सामानावर कस्टम ड्यूटी लागत नाही.

पण तुम्ही जे विचारलं नाहीत ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलांच्या लसींची नोंद कुठे आहे?

आम्ही 2019 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या रेडिंगहून इथे न्यू जर्सीला आलो. तेरा वर्षं तिथे काढली होती, दोन्ही मुलं तिथेच जन्मलेली, चौघांकडे ब्रिटिश पासपोर्ट. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार होती. नाव घालायला गेलो तर ऑफिसातल्या बाईंनी पहिल्यांदा लसींचा कागद मागितला. दोघांची रेड बुकं (ब्रिटनमध्ये मुलांच्या लसींची नोंद ठेवायची लाल वही) पॅकिंगवाल्यांनी पुस्तकांच्या खोक्यात भरली होती आणि ते खोकं समुद्रात होतं. रेडिंगच्या जीपी सर्जरीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला, ईमेल केली, नऊ दिवसांनी प्रिंटआउट आली. त्यात कांजिण्यांची लस नाही, हेपटायटिस बी नाही. नसणारच, कारण ब्रिटनमध्ये हेपटायटिस बी बाळांना सरसकट मिळू लागली ती 2017 च्या ऑगस्टपासून जन्मलेल्यांना, आणि कांजिण्यांची तर आत्ता जानेवारी 2026 पासून. इथे शाळेत दोन्ही लागतात. म्हणजे तुमच्या मुलाला हेपटायटिस बी बहुतेक मिळालेली असेल, मुलीला नसेल. आजच जीपीला फोन करा.

शाळेने सांगितलं, एकेक डोस झाल्याचं दाखवा, मग तात्पुरता प्रवेश देऊ. माझे दीर 2001 पासून न्यू जर्सीत आहेत. त्यांनी त्यांच्या ओळखीचं क्लिनिक सुचवलं. मी फोन करून विचारलं, आमचा इन्शुरन्स चालतो का? ‘हो, घेतो,’ असं उत्तर आलं. दोघांना घेऊन गेले, डोस झाले, मुलं शाळेत बसली. ऑक्टोबरमध्ये बिल आलं: 1,180 डॉलर.

इथली मेख नीट समजून घ्या. ‘इन्शुरन्स घेतो’ याचा अर्थ एवढाच की ते क्लेम पाठवतील. तुमच्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे इन्शुरन्स कंपनीने करार केलेल्या डॉक्टरांच्या यादीत, ते आहेत का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो प्लॅनचं नाव सांगून विचारावा लागतो, शक्यतो इन्शुरन्स कंपनीलाच. नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे मुलांच्या ठरलेल्या लसींना एक पैसा पडत नाही, कायदाच तसा आहे. हेपटायटिस बीचे पुढचे दोन-दोन डोस आम्ही नेटवर्कमधल्या डॉक्टरांकडे घेतले, बिल शून्य. ते पहिले 1,180 मात्र तीन हप्त्यांत भरले. तेव्हा मला कामाचं परमिट यायचं होतं आणि घरात एकच पगार होता. (एल-2 व्हिसावर, म्हणजे कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्या माणसाच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला नोव्हेंबर 2021 पासून वेगळं परमिट लागत नाही. तुम्ही त्या व्हिसावर येत असाल तर हा त्रास वाचला.)

दिवाळीच्या फराळाला दिरांनी हा किस्सा वीस माणसांत सांगितला. ‘वहिनींना तिकडच्या फुकट उपचारांची सवय. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो होतो, आमचं नाही अडलं.’

हे मला अजून लागतं. फुकट कसलं? माझ्या पगारातून दर महिन्याला टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (तिथली सक्तीची सरकारी वर्गणी) कापून जात होता. आणि दोन बॅगांचं म्हणाल, तर पुण्याहून थेट आलेल्या माणसाला आपल्याला इथलं काही माहीत नाही हे माहीत असतं. तो प्रत्येक गोष्ट विचारतो आणि शेजारचे चार देशी लोक त्याला सांगतात. आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण सगळ्यांनी धरून चाललं होतं की इंग्लंडहून आलेत, यांना कळत असेल. आम्हीही विचारलं नाही, कारण शब्द ओळखीचे होते. इन्शुरन्स म्हणजे काय हे कुणी विचारतं का? मुलाला ‘कलर’च्या स्पेलिंगमधल्या यू साठी मार्क कापले गेले आणि तो घरी येऊन रडला, तेव्हाही ‘इंग्रजी तर तीच आहे ना’ हेच ऐकलं. म्हणून ब्रिटनहून येणाऱ्याला इथे सोपं जातं, हे मला कुणी सांगू नये.

शाळेचं एक: ब्रिटनच्या ईयरच्या, म्हणजे इयत्तेच्या, आकड्यातून एक वजा केला की इथला ग्रेड. ईयर टूची मुलगी फर्स्ट ग्रेडमध्ये गेली म्हणजे मागे पडली असं समजू नका. आणि आयसा (ब्रिटनमधलं करमुक्त बचत-गुंतवणुकीचं खातं) असेल तर निघण्याआधी दोन्हीकडचा टॅक्स जाणणाऱ्या अकाउंटंटला भेटा. अमेरिकेत ती करमुक्त नाही, त्यातल्या फंडांचे फॉर्म फार किचकट असतात. परदेशातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर रक्कम गेली तर ते दरवर्षी कळवावं लागतं.

आमचा हा अनुभव न्यू जर्सीचा आणि 2019 चा. लसींचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, शाळेच्या नर्सला ईमेल करून यादी मागवा.

कंटेनर आमचा आठ आठवड्यांनी आला. रेड बुकं विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, पासपोर्टांबरोबर.