एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात आठ किलो वजन वाढलं, हे ताणामुळे असू शकतं का?

परळच्या होस्टेलवर आल्यापासून आठ किलो वाढले आणि घरचे ‘तोंडाला आवर घाल’ म्हणतात, असं तू लिहिलंयस. हो, ताणाने वजन वाढू शकतं. मी मुंबईतच इंटर्नशिप करतेय, पहिल्या वर्षी माझे सहा किलो वाढले होते. ताईच्या नात्याने ‘तू’ म्हणते.

विवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आधी घास उतरत नाही, तो तासाभराचा ताण. महिनोन्‌महिने चालणारा ताण बऱ्याच जणांत उलटं करतो. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढं राहिलं की गोड-तळलेलं खावंसं वाटतं, चरबी पोटाभोवती साठते. त्यात झोप कमी पडली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. त्याच परीक्षेत माझी रूममेट वाळून गेली होती.

मी लायब्ररीतून येईपर्यंत मेस बंद झालेली असायची. मग मॅगी, नाहीतर गेटबाहेरचा वडापाव, वर दिवसभरात पाच-सहा कटिंग. वजन दिसायला लागल्यावर मी जेवणच सोडलं आणि डिसेक्शन हॉलमध्ये चक्कर येऊन पडले. ते अजिबात करू नकोस. पुढे वॉर्डात एका सरांनी अख्ख्या बॅचसमोर माझ्या वजनावर शेरा मारला. त्या रात्री मी रडत रडत फरसाणचं अख्खं पाकीट संपवलं. बोलून कुणी बारीक होत नाही गं, ताण तेवढा वाढतो.

फरक पडला तो आठ वाजता मेसमध्ये जेवून मगच लायब्ररीत जायला लागल्यावर, आणि एक वाजता दिवा बंद केल्यावर. चार महिन्यांत तीन किलो उतरले. बाकीचे आहेत, असू देत.

रोज काट्यावर उभी राहू नकोस. महिन्यातून एकदा टेपने कंबर मोज. आपल्याकडे बायकांसाठी 80 सेंटीमीटरची मर्यादा धरतात, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 23 पासून जास्त वजन मानतात. पण सगळं ताणावर ढकलूही नकोस. पाळी पुढेमागे होत असेल, थंडी सोसत नसेल, केस गळत असतील तर ओपीडीत दाखव, थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करून घे, पीसीओएस (हार्मोन्सच्या असंतुलनाचा पाळीशी निगडित त्रास) आहे का ते विचार. आणि मन फारच खचलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आईला हे उत्तर वाचून दाखव. आणि आज आठला जेवायला जा.