वडिलांची १९७० ची प्लिमथ डस्टर ३४० (जुनी अमेरिकन गाडी) गॅरेजात पडून आहे. मूळ रूपात आणावी का? सुरुवात कुठून करू?

सुरुवात स्क्रूड्रायव्हरने करा. गाडीखाली शिरा आणि फ्लोअर, डिकीचा तळ, मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या) माउंट, टॉर्शन बारचा (पुढच्या स्प्रिंगदांड्यांचा) आडवा क्रॉसमेंबर टोचून बघा. हिला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी. आमच्या मिशिगनसारखं तुमच्याकडेही हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकत असतील आणि पत्रा गंजून टोक आत गेलं, तर रंगाच्या गप्पा नंतर. बाकी ‘मूळ रूप’ म्हटलं की माझं डोकं फिरतं, म्हणून पुढचं लिहितोय.

बाबांनी आमची डस्टर १९७४ च्या सुरुवातीला घेतली, जुनी. तेलबंदीने पंपांवर रांगा लागल्या होत्या, डेट्रॉइटची माणसं व्ही-एट (आठ सिलिंडरच्या, पेट्रोलखाऊ गाड्या) मिळेल त्या भावात काढत होती. ३४० घनइंचांचं म्हणजे ५.६ लिटरचं इंजिन, २७५ हॉर्सपॉवर, आणि बाबांचं ऑफिस सहा मैलांवर! रंग इन-व्हायोलेट, म्हणजे भडक जांभळा. आई लग्न होऊन आली ती विमानतळावरच म्हणाली, “हे वांगं कुणाचं?” तेच नाव पडलं. दोन वर्षांत तिने तो रंग घालवलाच, साधा हिरवा करून घेतला. गाडी ती हिच्यावरच शिकली. उजव्या फेंडरचा (पुढच्या चाकावरच्या पत्र्याचा) पोचा तिचा, शेजाऱ्यांच्या मेलबॉक्सचा. डॅशबोर्डवर तिने पितळेचा इवलासा गणपती इपॉक्सीने चिकटवला होता.

बाबा गेल्यावर दादाने नंबर तपासले. व्हीआयएनचं (गाडीच्या ओळख क्रमांकाचं) पाचवं अक्षर एच, म्हणजे खरी ३४०. सातवं बी, म्हणजे हॅमट्रॅमिकची फॅक्टरी. फेंडर टॅगवर (फॅक्टरीच्या माहितीपट्टीवर) रंगाचा कोड एफसी७, म्हणजे जांभळी. झालं! फॅक्टरीतून निघाली तशी करायची आणि ऑगस्टात वुडवर्डच्या क्रूझला (डेट्रॉइटजवळ जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, त्याला) न्यायची. मी म्हटलं, फॅक्टरीतून निघाली तेव्हा ती आपली नव्हतीच. पण मोठ्या भावापुढे चालतं कुणाचं?

गाडी नवी करायला दिली त्या दुकानवाल्याने छपरावर सँडब्लास्टिंग करून पत्रा पापडासारखा वाकवला (पातळ पत्र्यावर वाळू मारू देऊच नका, रंग केमिकलने काढा). तो निदान सरळ झाला. डॅशचं पॅड मात्र भेगाळलेलं म्हणून नवीन बसवलं आणि जुनं कचऱ्यात टाकलं, गणपतीसकट. म्हणे, “तुम्ही सांगितलं नव्हतं.” खरंच नव्हतं सांगितलं.

तेव्हा गाडी देण्याआधी आतबाहेरचे फोटो काढा, काढलेला प्रत्येक भाग परत हवा असं लेखी घ्या. वडिलांच्या हाताचं जे काही असेल ते आधीच घरी आणा. पोचे काढू नका. अँपमीटरचं (डॅशवरच्या करंट दाखवणाऱ्या काट्याचं) वायरिंग तेवढं बदलाच. चार्जिंगचा करंट तिथून डॅशमध्ये फिरतो, फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा) जोड तापून वितळतो. तिथे ओरिजिनल जपलं तर गाडी पेटेल.

हो, आणि इंजिन बरीच वर्षं बंद असेल तर थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, आधी हाताने फिरवून बघा. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. विकायचीच असेल तर मात्र दादाचं बरोबर आहे, खऱ्या जांभळ्या ३४० ला गिऱ्हाईक मिळतं.

फेंडर बोल्टवर असतो. तो मी दुकानातून वेळेवर उचलून आणला. माझ्या गॅरेजात भिंतीवर टांगलाय, हिरवा, पोच्यासकट. दादाच्या ‘ओरिजिनल’ गाडीवर नवा, बाजारातला फेंडर आहे. वुडवर्डला कुणी विचारलं की तो विषय बदलतो.